फक्त आजच्या दिवसापुरतं

1935 सालचा मे महिना. न्यूयॉर्कचा शेअरदलाल बिल विल्सन एका कंपनीच्या ताब्यासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात आला होता. तो डाव फसला. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो एकटाच घुटमळत होता. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते आणि आता आपण पिणार, हे त्याला कळत होतं. त्याने चर्चच्या यादीतून फोन फिरवायला सुरुवात केली. मागणी एकच: बोलायला एखादा दारुडा हवा आहे. शोध जाऊन थांबला डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदापाशी. दुसऱ्या दिवशी डॉक्टर 'पंधरा मिनिटांत उठणार' असं बजावून आले आणि सहा तास बसले.

बिलने उपदेश केला नाही, आपलीच कर्मकहाणी सांगितली. डॉक्टरांना आजवर समजावणारे पुष्कळ भेटले होते. त्यांच्यासारखाच पिऊन बुडालेला माणूस असं बोलताना ते पहिल्यांदाच ऐकत होते. सांगता सांगता बिलची स्वतःची तहानही टळली. पुढे उभ्या राहिलेल्या संस्थेचं सारं बळ मला त्या संध्याकाळच्या भेटीत दिसतं. पुढे डॉक्टर एकदा घसरले, पण 10 जून 1935 नंतर त्यांनी दारूला हात लावला नाही. तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा, म्हणजे ए.ए.चा, स्थापनादिन. 1957 साली ही चळवळ मुंबईतही रुजली.

ए.ए.ची मीटिंग बहुधा शाळेच्या रिकाम्या वर्गात किंवा चर्चच्या सभागृहात भरते, तास-दीड तास चालते. बोलणारा आपलं नाव सांगतो, आडनाव नाही, आणि 'मी दारुडा आहे' असं म्हणून सुरुवात करतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, कीवही करत नाही. पगाराच्या दिवशी घरी रिकाम्या हाताने गेलेला माणूस, मुलीच्या शाळेत झिंगून पोचलेला माणूस आपापलं बोलतो आणि खाली बसतो. बोलण्याची सक्ती नाही. नवखा माणूस कितीतरी दिवस नुसता ऐकू शकतो.

आपल्याकडे दारू सोडायची म्हणजे आईच्या गळ्याची शपथ किंवा माळ. माळेने सुटलेली माणसं खेड्यापाड्यांत आहेत, त्यांच्या निष्ठेला मी हात जोडतो. पण शपथ जन्मभराची असते आणि मोडली की माणूस शरमेने आणखी पितो. ए.ए.त हिशोब चोवीस तासांचा: फक्त आज प्यायचं नाही. गटारी, लग्नातली हळद, एकतीस डिसेंबर, असे अवघड दिवसही एकेक करूनच काढायचे. तोल जातोय असं वाटलं तर स्पॉन्सरला फोन लावायचा. स्पॉन्सर म्हणजे आधी दारू सोडलेला, या वाटेवर सोबत करणारा सभासद.

सभासद होण्याची अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही. शेवटी फिरवलेल्या पिशवीत ज्याला जमेल तो पैसे टाकतो आणि त्यातून भाडं, चहा निघतो. सुरुवातीला बिल आणि त्याचे सोबती धनाढ्य जॉन रॉकफेलर ज्युनियर यांच्याकडे मोठ्या देणगीसाठी गेले होते. पैशाने हे काम बिघडेल, असं म्हणून रॉकफेलर यांनी थोडीच मदत केली. आज संस्था बाहेरची देणगी घेतच नाही. हे शहाणपण मला फार मोलाचं वाटतं.

मीटिंग शोधणं अवघड नाही. ए.ए.च्या संकेतस्थळावर आणि हेल्पलाइनवर जागा, वार, वेळ कळते. ऑनलाइन मीटिंगाही असतात. 'ओपन' मीटिंगला कोणीही बसू शकतं, 'क्लोज्ड' फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. एकाच मीटिंगवरून मत बनवू नये. प्रत्येक गटाची माणसं वेगळी, सूर वेगळा. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र आधी डॉक्टर गाठावा. दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. मीटिंग हा त्यावरचा इलाज नव्हे.

ए.ए.चा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा आहे आणि त्यांमधला ईश्वर अनेकांना खटकतो. पायऱ्यांमध्येच 'आम्हाला उमगला तसा' ही मोकळीक आहे, आणि कित्येक नास्तिक समोर बसलेल्या गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानून पुढे जातात. तरीही कोणाला जमलं नाही, तर त्याला दोष देऊ नये. बाकी उपयोगाचं म्हणाल, तर वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 सालच्या आढाव्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं तपासली गेली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए.कडे नेणारे पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसाच्या घरच्यांनाही उपचारात धरलं. ए.ए.च्या वाटेने जाणारा घरच्यांचा वेगळा गट 1951 पासून आहे, अल-अ‍ॅनॉन. बायकोने, आईने, भावाने तिथे जायला पिणाऱ्याची परवानगी लागत नाही, आणि त्याने दारू सोडलेली असण्याचीही गरज नाही. तो घरी पीत असतानाही त्यांनी तिथे जावं.