व्हिएतनामी कॉफी : दुधाच्या उणिवेतून आलेली चव

पंजाब-हरियाणाच्या राजधानीत, चंडीगडला, ताज्या दुधाची वाण नाही. त्यामुळे येथील कॉफीही दुधाळ. व्हिएतनामची कॉफी मात्र दुधाच्या टंचाईतून घडली. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी तेथे कॉफी नेली. ताजे दूध दुर्मिळ, म्हणून पेल्याच्या तळाशी डब्यातील गोड, आटवलेले दूध आले. त्यावर ‘फिन’ या धातूच्या गाळणीतून कडवट रोबस्टाचा दाट अर्क थेंबाथेंबाने उतरतो.

१९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर लागवड झपाट्याने वाढून व्हिएतनाम ब्राझीलखालोखाल सर्वांत मोठा उत्पादक बनला. पुरवठा वाढला, २००१ च्या सुमारास जागतिक भाव कोसळले आणि कर्नाटकातील कोडगूच्या बागायतदारांनाही कर्जाचे हप्ते जड झाले. ग्राहकाला स्वस्त वाटणाऱ्या पेल्याची किंमत अशी दूरच्या शेतकऱ्याने मोजलेली असते.