तेलाच्या परीक्षेवरून इंजिनांतील गळतीचें निदान

ट्रॅक्टरच्या रेडिएटरांतील पाणी वरचेवर कमी होतें, पण बाहेर कोठेंहि थेंब दिसत नाहीं. अशा वेळीं तें तेलांत तर उतरत नाहीं ना, हें पाहणें अवश्य आहे. हेड गॅस्केट, लायनरच्या रबरी रिंगा किंवा ऑईल कूलर यांतून अशी गळती होऊं शकते. तेल दुधाळ झालें म्हणजे संशय सहज येतो. परंतु गळती थोडी असल्यास तापलेल्या इंजिनांत पाण्याची वाफ होऊन जाते व तेल निर्दोष भासतें. कूलंटमधील सोडियम किंवा पोटॅशियमचे क्षार मात्र उडून जात नाहींत. प्रयोगशाळेंत त्यांचेंच प्रमाण मोजतात. रेडिएटरांत नुसतें पाणी भरणारांस ही खूण इतकी स्पष्ट मिळत नाहीं.

नमुना इंजिन गरम असतां, तेल काढतांना मधल्या धारेंतून, स्वच्छ व कोरड्या बाटलींत घ्यावा. कांहीं तेलांत सोडियम मूळचेंच असतें. यास्तव त्याच जातीच्या कोऱ्या तेलाचा नमुनाहि सोबत पाठवावा. क्षारांबरोबर शिसें व तांबें हींहि वाढलीं असतील, तर बेअरिंगांस अपाय होऊं लागला असें समजून गळती दुरुस्त होईपर्यंत इंजिन चालवूं नये. ऐन पेरणींत ट्रॅक्टर बसण्यापेक्षां उन्हाळ्यांत ही परीक्षा करून घेणें केव्हांहि स्वस्त पडतें.