घागरीचा घाट

हिंगोली जिल्ह्यातील अनेक खेड्यांत उन्हाळा कडक झाला, की विहिरींवर व हातपंपांवर पाण्यासाठी घागरींची रांग लागते. या रांगेतील घागरी नीट न्याहाळून पाहाव्यात. एखादी तांब्याची, एखादी पितळेची, तर बहुतेक रंगीत प्लॅस्टिकच्या. परंतु सर्वांचा घाट एकच. गोल पोट, अरुंद गळा आणि बाहेर वळलेला काठ! घागरीचे द्रव्य बदलले, पण रूप बदलले नाही. असे का बरे झाले असावे?

या रूपातील प्रत्येक वळणाला कारण आहे. पोट गोल असल्यामुळे थोड्या पत्र्यात पुष्कळ पाणी मावते आणि घागर कमरेवर नीट विसावते. तिच्या गळ्याभोवती हाताचा विळखा सहज बसतो. गळा अरुंद असल्याने चालताना पाणी हिंदकळले, तरी फारसे सांडत नाही. गोलसर बूड डोक्यावरील चुंबळीत घट्ट बसते. वळलेल्या काठाने बोटांना पकड मिळते. तांबट घागर मठारतो, तेव्हा हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा कणखर होतो आणि त्याच ठोक्यांच्या खुणा उन्हात चमकू लागतात. अशा रीतीने बळकटी व शोभा एकाच हातोडीतून जन्मास येतात.

चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतील प्रसिद्ध रचनाकार दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपल्या देशात आले होते. १९५८ साली त्यांनी सादर केलेल्या अहवालात आपल्या साध्या तांब्याचा मोठा गौरव केला. तांब्या हातात कसा बसतो, भरलेला व रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, धार कशी पडते, त्याची किंमत किती, अशा अनेक प्रश्नांचा त्यांनी विचार केला. हे रूप कोणा एकाचे नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून घडले आहे, हे त्यांनी ओळखले. पुढे १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय रचना संस्था स्थापन झाली.

प्लॅस्टिकच्या घागरीवर हातोडीची नक्षी नसते. ती फुटली, तर तांब्याच्या घागरीप्रमाणे झाळून घेता येत नाही. तरीही तिचा एक गुण फार मोठा आहे. पंधरा लिटर पाण्याचेच वजन पंधरा किलो भरते. त्यात धातूच्या भांड्याचा भार तिने पुष्कळ कमी केला. दूरवरून पाणी वाहून आणणाऱ्या बाईच्या मानेला त्याचे मोल कळते.

नवी वस्तू घडवणाऱ्याने म्हणूनच प्रथम विचारावे, की ही कोण उचलणार आणि किती दूर नेणार? या प्रश्नाचे उत्तर ज्या वस्तूच्या घाटात दिसते, ती डोळ्यांनाही सुंदर वाटते.