रोगजंतू : एका शब्दाचा विचार

'जंतू' हा शब्द फार जुना आहे. 'जन्' म्हणजे जन्मणे, या संस्कृत धातूपासून तो बनला. जो जन्मास आला तो जंतू. या मूळ अर्थाने मनुष्य, मासा आणि मुंगी हे सारेच जंतू होत. पुढे मराठीत हा शब्द क्षुद्र जीवांपुरताच उरला.

सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने डोळ्यांना न दिसणारे जीव दिसू लागले, तेव्हा त्यांनाही आपण 'जंतू'च म्हणू लागलो. १८८२ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू शोधून काढला. १८८४ साली त्याने कलकत्त्यात पटकीचा जंतू वेगळा करून दाखविला. त्याचा आकार स्वल्पविरामासारखा वाकडा असतो. रोग उत्पन्न करणारा जंतू तो 'रोगजंतू'. हा मध्यमपदलोपी समास होय.

परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'चोर' हे जसे कृत्यावरून पडलेले नाव आहे, तसेच 'रोगजंतू' हेही आहे. त्यावरून त्या जीवाची जात कळत नाही. जात सांगणारे शब्द निराळे आहेत. क्षय, पटकी आणि प्लेग यांचे रोगजंतू हे जीवाणू होत. गोवर, कांजिण्या व पोलिओ यांचे रोगजंतू हे विषाणू होत. ते जीवाणूंहून कितीतरी सूक्ष्म असून सजीव पेशीत शिरल्यावाचून त्यांची वाढ होत नाही. हिवतापाचा रोगजंतू या दोहोंहून वेगळा, एकपेशीय परजीवी आहे. त्याला आपल्या शरीरात पोहोचविणारा डास मात्र रोगजंतू नव्हे. तो केवळ वाहक.

उलटपक्षी, दुधाचे दही करणारे जीवाणू आपले उपकारकर्तेच आहेत. त्यांना रोगजंतू म्हणणे अन्यायाचे होईल. सारांश, प्रत्येक जीवाणू रोगजंतू नसतो आणि प्रत्येक रोगजंतू जीवाणू नसतो.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. प्रतिजैविक औषधे जीवाणूंचा नाश करतात. विषाणूंवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. म्हणून साध्या सर्दीवर अशी औषधे स्वतःच्या मनाने घेणे व्यर्थ असते. इतकेच नव्हे, तर त्यांच्या वारंवार वापराने जीवाणू त्या औषधांना दाद देईनासे होतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध निरुपयोगी ठरते.

याच्या उलट, नेमके ज्ञान असले म्हणजे शत्रूलाही कामास लावता येते. १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. तेव्हा डॉ. हाफकिन यांनी प्लेगचे जंतू उष्णतेने मारून त्यांचीच लस तयार केली आणि १८९७ साली ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांचे नाव आजही चालवीत आहे.

लिहिताना आणखी एक नियम पाळावा. 'रोगजंतू' या शब्दाच्या अखेरीस 'तू' दीर्घ असतो. पण 'जंतू' हा समासात आरंभी आला, की 'तु' ऱ्हस्व होतो. म्हणून 'जंतुनाशक' असे लिहावे.