पाणबुड्याची विद्या : कशासाठी आणि कोठे?



चामोर्शीजवळील मार्कंडादेव येथे महाशिवरात्रीच्या यात्रेत हजारो भाविक उत्तरवाहिनी वैनगंगेत उतरतात. अशा नदीकाठी वाढलेला एखादा पट्टीचा पोहणारा तरुण घरी सांगतो, "मी पाणबुड्याचा धंदा शिकणार." वडील मंडळी लागलीच विचारतात, "कोठे, आणि खर्च किती?" माझ्या मते त्याआधी विचारावयाचा प्रश्न आहे, "कशासाठी?"

पाठीवरच्या नळकांड्यातील हवेवर पाण्याखाली श्वास घेणे यास स्कूबा म्हणतात. कूस्तो आणि गान्यान या फ्रेंच जोडीने 1943 साली ते सुलभ केले. परंतु उत्तम पोहता येणे म्हणजे ही विद्या येणे नव्हे. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तेथे छातीत भरलेली हवा कोंडून जो वर येईल, त्याची फुप्फुसे फाटू शकतात. त्वरेने वर आल्यास रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात.

या विद्येवर पोट भरण्याच्या मुख्य वाटा तीन. पहिली, पर्यटकांना समुद्रतळ दाखविण्याची. तिच्यासाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने मालवणजवळ तारकर्ली येथे संस्था उभारली आहे. अंदमानात पाणी अधिक नितळ. मात्र प्रवास व मुक्काम महाग. 'पॅडी' या जागतिक संस्थेच्या नियमांप्रमाणे पहिला परवाना 18 मीटरपर्यंतचा. व्यावसायिक पायरी 'डाइव्हमास्टर'ची. तिला वयाची 18 वर्षे व किमान 60 बुड्यांची नोंद लागते. कोकणात पावसाळ्यात हे काम बंद असते, हेही मिळकतीचा हिशेब मांडताना ध्यानात धरावे.

दुसरी वाट धरणांची दारे, पुलांचे पाये व जहाजे यांच्या दुरुस्तीची. येथे हवा बहुधा वरून नळीने पुरवितात. पर्यटनाचा परवाना या कामी चालत नाही. शिक्षण सर्वस्वी वेगळे घ्यावे लागते.

तिसरी वाट बुडालेल्यांच्या शोधाची. गढूळ वैनगंगेत स्वतःचा हातही दिसत नाही. दोराच्या खुणेवर चाचपडत जावे लागते आणि ओढ सतत खेचीत असते. नितळ समुद्रातील प्रमाणपत्र हा तिचा केवळ पाया होय. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपुरास आहे. ज्यास हीच सेवा करावयाची आहे, त्याने शुल्क भरण्यापूर्वी त्या दलात प्रवेश कसा मिळतो याची चौकशी करावी.

वाट ठरली म्हणजे कान व फुप्फुसे वैद्याकडून तपासून घ्यावीत. मग संस्थेस विचारावे : एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? अपघात झाल्यास दाबकक्ष किती दूर? उत्तर देण्यास जेथे टाळाटाळ होईल, तेथून परत फिरावे.

मातापित्यांनो, मुलाने या प्रश्नांची उत्तरे स्वतः शोधून आणली, तर त्यास अडवू नका. केवळ चित्रे पाहून तो निघाला असेल, तर मात्र त्यास एक हंगाम थांबण्यास सांगा.