न्हाणीघराची सागवानी खिडकी काढू नका

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, पुसद, उमरखेडकडे सागाची जंगलं आहेत. त्यामुळे इथल्या जुन्या वाड्यांत न्हाणीघराच्या खिडकीलाही सागवान लागलेलं दिसतं. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून वाळवी आणि बुरशी त्याला सहज धरत नाही; बाहेरच्या फिकट रसकाष्ठाला मात्र हे संरक्षण नसतं. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या आत राहिला तर ते कुजत नाही.

कुजायला सुरुवात बहुधा चौकटीच्या खालच्या टोकाशी होते, कारण आडवं कापलेलं लाकूड पाणी फार शोषतं. तिथे पेचकस टोचून पाहा. मऊ लागलं तर तेवढाच भाग कापून, सुकवलेल्या सागाचा तुकडा रेषा जुळवून सांधता येतो. अख्खी चौकट उखडून ॲल्युमिनियमची खिडकी बसवणं म्हणजे चांगलं लाकूड फुकट घालवणं! खालची कड बाहेरच्या बाजूला उतरती हवी. चौकटीभोवती सिमेंट थापू नका, ओल आत अडकते. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो.

जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 मध्ये लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पाणी लावून घासा, मुलांना लांब ठेवा. जवसाचं तेल लावायचं तर पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर दमट जागेत त्यावर बुरशी येते. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेटतात. उघडी पसरून वाळवा.