माडीच्या फळ्यांवरचे जुने लुकण

आपल्याकडे जुन्या वाड्यांना कडीपाटाची माडी असते. खाली लाकडी कड्या, वर सागवानी फळ्या. मागे केव्हातरी हौसेने त्या फळ्यांवर लिनोलियम चिकटवलेले असते. आज ते फाटले, उचलले, की खाली उरतो लुकणाचा थर आणि त्यात रुतलेले गोणपाटाचे धागे. मग कोणी पटाशी घेऊन बसतो, कोणी बादलीभर पाणी ओततो. दोन्हींनी लाकडाचेच नुकसान होते. तेव्हा मंडळी, हत्यार उचलण्याआधी लुकणाची जात ओळखा.

कोपऱ्यात तळहाताएवढी जागा निवडा. कोमट पाण्यात फडके भिजवून पिळा आणि दहा-पंधरा मिनिटे तिथे ठेवा. लुकण बुळबुळीत झाले, तर ती खळ किंवा सरस. पांढुरके होऊन मऊ पडले, तर तो सुताराचा पांढरा डिंक. या तिघांनाही पाणी पुरते. मात्र फडके ओले असावे, फळी नव्हे. पाणी सांध्यांत मुरले, की फळ्या फुगतात, वाकतात.

पाण्याने काहीच झाले नाही आणि थर पिवळसर, रबरासारखा असेल, तर फडक्यावर थोडे टर्पेंटाइन घेऊन पाहा. असे लुकण बहुधा त्याने सैल होते. हे काम दारे-खिडक्या उघडून करावे. जवळ चूल, विडी, निरांजन काही नको. पेट्रोल तर मुळीच वापरू नका. त्याची वाफ दूरच्या ठिणगीनेही पेट घेते.

थर मऊ झाला, की बोथट पात्याची पत्री आडवी धरून लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने सरकवावी. एका वेळी हातभर जागा घ्यावी. तारेचा ब्रश टाळावा, त्याचे ओरखडे सागावर कायमचे राहतात. फळी पुरती वाळल्यावर वर आलेले खिळे ठोकून बसवा, मगच काचकागद फिरवा.

आता नीट लक्ष द्या. लुकण काळे, डांबरासारखे असेल, तर हात आवरा. विसाव्या शतकातल्या काही काळ्या लुकणांत ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असत. ते डोळ्यांनी ओळखू येत नाहीत, प्रयोगशाळेतच कळतात. कोरडे खरवडले वा घासले, तर ते हवेत उडून छातीत जातात. त्यातून फुप्फुसाचे असाध्य रोग होतात, कर्करोगही होतो, आणि तोही कित्येक वर्षांनी उमटतो. अशा थराची तपासणी होईपर्यंत तो घासू नये, झाडूही नये. तपासणी जमत नसेल, तर त्याला न छेडता वरून नवे आच्छादन घालावे. माडीवर शाळेचा वर्ग भरत असेल, तर गुरुजींनी हे आवर्जून पाहावे.

साफ झालेल्या फळीला पुष्कळ लोक जवसाचे उकळलेले तेल देतात. रंगारी त्याला बेलतेल म्हणतात. गंमत अशी, की लिनोलियमही जवसाच्याच तेलाचे. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने 1863 साली त्याचे पेटंट घेतले. हे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते. म्हणूनच त्याची जाजमे होऊ शकली. पण शोषताना ते तापते. तेलाने माखलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली, की ती ऊब आतल्या आत कोंडते आणि ठिणगीवाचून बोळा पेटू शकतो. लाकडी माडीवर याहून मोठा धोका कोणता? म्हणून काम संपताच फडकी अंगणात एकेक सुटी पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

शिक्षकबंधूंनो, खळ पाण्यात का मऊ होते आणि रबराचे लुकण का होत नाही, हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. खळीचा आणि पाण्याचा प्रयोग मुलांना स्वतः करू द्या. टर्पेंटाइनची बाटली मात्र तुमच्याच हातात असू द्या.